साळुंखेबाई आणि पडलेला तक्ता

श्रीमती मालन साळुंखे, म्हणजे आमच्या साळुंखेबाई, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी ‘बाईंच्या हाताखाली घडलेला एक प्राथमिक शिक्षक’ या नात्याने मी लिहावे, असे समितीचे पत्र आले. पत्र वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आले ते असे : आणखी एक काम. बाईंवरच्या लेखाची सुरुवात खोट्याने करायला नको, म्हणून हे सांगून टाकतो. गेली काही वर्षे कुठलाही कागद हातात आला की मला असेच वाटते. बाई हे वाचतील तेव्हा रागावणार नाहीत. दमलेल्या माणसाने ‘मी दमलो’ म्हणावे, एवढी मुभा त्यांनी आम्हा शिक्षकांना कायम दिली. दमल्याचे निमित्त करून पोरांना फसवण्याची मात्र कधी दिली नाही. हा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

बाईंची आणि माझी पहिली भेट सांगलीतल्या एका प्रशिक्षणवर्गात झाली. बाई तेव्हा अध्यापक विद्यालयात चित्रकला आणि हस्तकला शिकवत. लहान मुलांना वाचायला-लिहायला शिकवताना चित्र, गाणे, नाट्य, माती यांचा उपयोग कसा करायचा, असा त्या वर्गाचा लांबलचक विषय होता. आम्ही चाळीसएक शिक्षक केवळ आदेश निघाला म्हणून आलो होतो. मी आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत होतो. सकाळची पहिली एसटी धरून आलो होतो आणि मागच्या बाकावर बसून जमेल तेवढी झोप काढायची, असा साधा बेत होता. बाई आल्या. उंची बेताची, पदर खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी ना स्वागत केले, ना प्रस्तावना. प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद आणि कोळशाचा एकेक तुकडा दिला आणि म्हणाल्या, “घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा.”

मी हात वर करून म्हणालो, “बाई, मला चित्र येत नाही.”

“मी चित्र मागितलंच नाही, गुरुजी. रस्ता मागितला. रोज जाता ना त्या रस्त्यानं?”

काढला. एक बाभळ, एक कोरडा ओढा, फाट्यावरची टपरी आणि त्या टपरीपुढे बसणारे एक लंगडे कुत्रे. बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. “हे कोण?” म्हणाल्या. मी म्हणालो, “कुत्रं आहे. माझी वाट बघतं. भाकरी दिल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.” बाईंनी माझेच शब्द, एकही न बदलता, चित्राखाली लिहिले आणि कागद माझ्यापुढे धरला. “वाचा.” मी वाचले. दहा वर्षे दुसऱ्यांना वाचायला शिकवणारा माणूस, स्वतःच्या तोंडचे वाक्य कागदावर बघून चक्क लाजलो, आणि मग दोनदा वाचले. झोपेचा बेत तिथेच बारगळला.

बाईंचे सगळे शास्त्र त्या एका कागदात होते. मुलाने काढायचे, काढलेले सांगायचे, त्याने सांगितलेले आपण त्याच्याच शब्दांत लिहायचे, आणि ते त्याने वाचायचे. गाणे असेल तर त्यातला एकेक शब्द चिमटीत धरून बाहेर काढायचा. टाळ्यांच्या ठेक्यावर शब्द फोडायचा, मातीत गिरवायचा, अंगाने करून दाखवायचा. मात्र शेवटी त्यांचा एक दंडक असे. चित्र हाताने झाकायचे, गाणे थांबवायचे, आणि विचारायचे, “आता वाच.” तरीही वाचता आले तरच ते वाचन. “चित्र ही शिडी आहे,” बाई सांगत, “शिडीवरच मुक्काम करायचा नसतो.”

हे शास्त्र त्यांना कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते. बाईंचे माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात. तिथे मोठा भूकंप झाला तेव्हा बाई नुकत्याच मॅट्रिक झाल्या होत्या. गावची शाळा पडली होती. मोठी माणसे ढिगारे उपसत होती, आणि लहान पोरे बाईंच्या हवाली केली होती. ना भिंत, ना फळा, ना पाटी. पोरे बोलतही नव्हती. बाईंनी त्यांच्या हातात काटक्या दिल्या. सगळ्यांनी मातीत घरेच काढली. एका पोरीला त्यांनी विचारले, “हे काय?” ती म्हणाली, “पडलं.” बाईंनी घराखाली मातीत लिहिले : पडलं. ती पोरगी त्या शब्दावरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली होती, असे बाईंनी मला एकदा सांगितले. एकदाच सांगितले. त्यावर भाषण मात्र कधी दिले नाही.

बाईंच्या स्वभावात दोष नव्हते असे म्हणणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. त्या हट्टी होत्या, अजून आहेत. कागदपत्रांच्या बाबतीत तर त्यांच्या नादी लागू नये. प्रत्येक वर्गानंतर अहवालाचा तक्ता भरून पाठवावा लागे आणि त्यात ‘फलनिष्पत्ती’ नावाचा एक रकाना असे. बाई त्यात दोनच शब्द लिहीत : वेळ लागेल. वरून कागद परत आला, सविस्तर लिहा म्हणून. बाईंनी सविस्तर लिहिले : वेळ लागेल, असे मागेही कळवले होते. त्यांच्या बरोबरीच्या माणसांना गाड्या मिळाल्या, खुर्च्या मिळाल्या. बाई निवृत्तीच्या दिवशीसुद्धा एसटीनेच तासगावला घरी गेल्या.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती टाळून हा लेख लिहिता आला असता आणि लेख अधिक शोभिवंत झाला असता.

त्या प्रशिक्षणानंतर वर्षभराने आमच्या वस्तीच्या शाळेत ‘नमुना पाठ’ ठरला. तालुक्याहून पाहुणे येणार, आसपासचे शिक्षक येणार, आणि बाईही येणार. मला हुरूप आला. एसटीवर एक गाणे मी स्वतः रचले. मोठ्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले, बाजूला लाल गाडी रंगवली. पोरांना चाल शिकवली, हातवारे शिकवले. तिसरीतली रुपाली माझी म्होरकी. धनगराची पोर, आवाज खणखणीत, भीड म्हणून नाही. हातात छडी घेऊन एकेका शब्दावर टेकवत ती सगळ्या वर्गाकडून गाणे ‘वाचून’ घ्यायची. तीन आठवडे तालीम झाली. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी भिंतीला चुना मारला आणि तक्ता खळीने त्या चुन्यावर चिकटवला.

ओल्या चुन्यावर खळ धरत नाही, एवढे साधे माझ्या ध्यानात आले नाही. पाठ ऐन रंगात आला, पोरे झोकात म्हणू लागली, आणि दुसऱ्या कडव्याला तक्ता वरून सुटला आणि जमिनीवर येऊन पडला. मी उचलायला धावणार तेवढ्यात बघतो तर काय, वाचन चालूच! रुपालीची छडी कोऱ्या भिंतीवर, एक शब्द, पुढचा शब्द, ओळ संपली की खालची ओळ. वीस पोरे त्या पांढऱ्या चुन्यावरून गाणे वाचत होती. एकही अडखळले नाही. पाहुण्यांना हसू आवरेना. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. “पोरांची तयारी म्हणजे तयारी हं, गुरुजी,” असे एक जण म्हणाले. मीही हसलो. मला वाटले, अब्रू राहिली.

पाहुणे चहा घेऊन गेले. बाई गेल्या नाहीत. त्या वर्गात येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाबर गुरुजी, भिंतीवर काय लिहिलंय?”

मी भिंतीकडे पाहिले.

“मला तर काही दिसलं नाही. तुमच्या पोरांना दिसलं.” मग त्यांचा आवाज चढला. तो चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “तुम्ही त्यांना वाचायला नाही शिकवलंत. वाचल्यासारखं करायला शिकवलंत. आणि तेही माझं नाव सांगून.”

त्यांनी रुपालीला बोलावले. पडलेल्या तक्त्यावरचा एक शब्द दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. रुपालीने प्रत्येक वेळी गाणे पहिल्यापासून म्हणून बघितले आणि शब्द यायच्या आधीच थांबली. शेवटी तिने छडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “बाई, मला येत न्हाई. गुर्जींनी मला छडी दिली म्हणून मी धरली.” मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

खरी अडचण पुढेच होती. रुपालीच्या घरची दीडशे मेंढरे. दिवाळी झाली की सगळे बिऱ्हाड मेंढरांबरोबर पश्चिमेला, पाटण-कोयनेवरून पार घाटाखाली उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परत. पोरगी शाळेत असायची ती वर्षातले चार महिने. दोन वर्षे अशीच गेली होती. यंदाही कोरी गेली तर पुढच्या वर्षी तिला शाळेत कोण पाठवणार होते? तिच्या वडिलांना, म्हाळूअण्णांना, बाईंनी बोलावून घेतले.

“पोरगीला ठिवून जा म्हणू नका, बाई,” ते आधीच म्हणाले. “हितं कुणापाशी ठिवू? आन् मेंढरामागं माणूस बी पायजे.”

“ठेवा म्हणतच नाही. न्या तिला,” बाई म्हणाल्या. “पण दिवाळीपर्यंतचे शनिवार मला द्या.”

दिवाळीला सहा शनिवार होते. शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटायच्या सुमारास बाई तासगावहून विट्यामार्गे दोन एसट्या बदलून येत, आणि फाट्यापासून चालत. पिशवीत कागद, कोळसा आणि घरच्या बागेतल्या द्राक्षांचे बेदाणे. आधी मूठमूठ बेदाणे सगळ्या पोरांना, मग काम. पहिल्या शनिवारी त्यांनी रुपालीला मेंढरे काढायला सांगितली. तिने पाच काढली. मला ती पाचही सारखीच दिसली. बाईंनी विचारले, “ही कोण?” पोरगी सांगू लागली, “ही चांदी, हिच्या कपाळाला ठिपका हाय. ही मोरी. ही कानी, हिचा कान फाटलाय. ही मोरीचीच ल्येक, पर तोंड बघा, येगळं हाय.”

बाई माझ्याकडे वळल्या. “दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखणारी पोर आहे ही, गुरुजी. आणि तिला अक्षरांची तोंडं ओळखू येत नाहीत म्हणता?”

तिथून गाडी मार्गाला लागली. प्रत्येक मेंढीच्या चित्राखाली तिचे नाव. मग चित्र झाकून नाव. मग नावांच्या चिठ्ठ्या करून कळप मोडायचा आणि रुपालीने तो परत लावायचा. ‘चांदी’तला ‘चा’ चाऱ्यातही असतो, हे तिचे तिने शोधले तेव्हा ती वर्गभर नाचली. तिसऱ्या शनिवारी म्हाळूअण्णा दारात उभे राहून बघत होते. बाईंनी त्यांना ढोल घेऊन यायला सांगितले.

“शाळत ढोल चालतोय व्हय?” अण्णा बिचकले.

“न चालायला काय झालं? नावं फोडायची आहेत. तुम्ही वाजवा, पोरं फोडतील.”

मग काय विचारता! मो-री, दोन थापा. को-क-रू, तीन थापा. धनगरांच्या गजीनृत्यात रात्र जागवणारा तो ढोल, आमच्या शाळेत भर दुपारी अक्षरे मोजत होता. अण्णांना तर जोरच चढला. “अजून सांगा की बाई, लय सोपं हाय हे,” म्हणू लागले. मी भिंतीला टेकून बघत होतो. माझा सुंदर तक्ता कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता.

चमत्कार झाला असे मी लिहिणार नाही. सहाव्या शनिवारी रुपाली सुटे शब्द वाचू लागली होती, ओळ वाचता येत नव्हती. दिवाळी झाली. बिऱ्हाड निघाले. निघताना बाईंनी तिच्या हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा दिला. प्रत्येकावर तासगावचा स्वतःचा पत्ता लिहिलेला. “जिथं तळ पडेल तिथं दिसेल ते काढ, येईल ते लिही, आणि पेटीत टाक.” मला मनातून वाटले, गेली पोस्टकार्डे मेंढरांच्या पोटात.

पहिले कार्ड आले ते नुसते चित्र होते, एक मेंढी आणि एक एसटी. दुसऱ्यावर मेंढीखाली ‘चांदी’. मग महिनाभर काही नाही. मग एकदा बाई शाळेत आल्या, शनिवार नसताना. त्यांनी एक कार्ड माझ्यापुढे ठेवले. वर कोयनानगरच्या टपालाचा शिक्का. चित्र नव्हतेच. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते :

“बाई आमी घाटात हाय. चांदी याली. कोकरू काळं हाय. तुमी कवा येता”

मी शाळेच्या पायरीवर बसून रडलो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाई शेजारी बसून राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “चित्र काढलं नाही बघा तिनं. गरज पडली नाही.” आणि बेदाण्यांची पुडी पुढे केली.

रुपालीचे पुढे काय झाले, असे सगळेच विचारतात. ती डॉक्टर झाली नाही, कलेक्टर झाली नाही. लग्न झाले, दोन मुले आहेत, आणि आजही वर्षातले आठ महिने ती मेंढरांबरोबर असते. मोबाईलवर आलेले निरोप स्वतः वाचते, मुलांची पुस्तके वाचून घेते. बाईंना अधूनमधून फोन करते. एवढेच, आणि मला ते पुष्कळ वाटते.

बाईंच्या मायेचे असे प्रसंग अनेकांकडे असतील. माझा एक सांगतो. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही मिरजेत दहा दिवस होतो. बाई तिसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर. धीर देणे, उपदेश करणे त्यांना जमत नाही. “जेवा,” म्हणाल्या, आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन व्हरांड्यात बसल्या. मुलीने एका परिचारिकेचे चित्र काढले, हातात सुई, ती नळकांड्याएवढी. खाली काय लिहायचे ते मुलीने सांगितले आणि बाईंनी नियमाप्रमाणे शब्दही न बदलता लिहिले : ही बाई लय वाईट आहे. नेमकी तीच परिचारिका मागून आली. बाई शांतपणे म्हणाल्या, “तिचं मत आहे. मी फक्त लिहून घेतलं.” परिचारिका हसली आणि तो कागद मागून घेऊन गेली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा.

आता आजचे. मी सध्या शिराळा तालुक्यात आहे. बाईंच्या पठडीतला म्हणून मला प्रशिक्षणवर्गांत सुलभक नेमतात, म्हणजे इतर शिक्षकांना शिकवायला उभे करतात. बाईंचे शब्द आता सरकारी घडीपुस्तिकांत आले आहेत. कलेतून भाषा, आनंदातून वाचन. शब्द आले, पण पोरांकडे बघायला कुणाला सवड नाही. उपक्रम करा, व्हिडिओ काढा, दुपारी बाराच्या आत वर चढवा. गेल्या वर्गात एका तरुण शिक्षिकेने मला विचारले, “सर, पोरांना वाचता आलं नाही तरी व्हिडिओ चालेल का?” ती खवचटपणे विचारत नव्हती. तिला खरेच माहीत करून घ्यायचे होते. मी म्हणालो, “चालेल.” खरे उत्तर द्यायला लागणारे त्राण माझ्यात नव्हते. त्या मुलीची मी इथे माफी मागतो.

आणि मग या सत्काराचे आले. समितीने ठरवले की समारंभात माझ्या शाळेच्या पोरांनी बाईंचे गौरवगीत सादर करावे, मागे मोठा तक्ता, हातात छडी, बाईंच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक म्हणून. मी होय म्हणालो. माझ्या वर्गात एकोणीस मुले आहेत. त्यातल्या सात जणांना अजून वाचता येत नाही. ती सातही गाण्यात पुढच्या रांगेत होती, कारण त्यांचे आवाज चांगले. तालमीच्या चौथ्या दिवशी माझे लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेले. एकाचाही डोळा तक्त्यावर नव्हता. मी ते बघितले आणि म्हणालो, “हं, पुन्हा पहिल्यापासून.” आटपाडीत मला कळले नव्हते. या वेळी मला कळत होते, आणि तरी मी चालू ठेवले. दोन्हींत फार फरक आहे.

ग्रंथासाठी फोटो हवा म्हणून मी तासगावला बाईंकडे गेलो. बाई ओसरीवर बेदाणे निवडत बसल्या होत्या. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याला कमी दिसते, बाकी ठीक. त्यांचे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मला बघून म्हणाले, “आइए मास्टर! तुमच्या बाईंना समजवा, सत्काराला नवी साडी घ्यायला तयार न्हाईत.” बाईंनी तो विषय उडवून लावला आणि विचारले, “कार्यक्रमात पोरं काय करणार आहेत?”

मी सांगितले. गाणे, छडी, तक्ता.

बाई बेदाणे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “तक्ता कशानं लावणार?”

“या वेळी खिळे मारतो, बाई,” मी म्हणालो. गमतीनेच म्हणालो.

बाई हसल्या. सुभेदारसाहेबही हसले. मग हातातल्या ताटाकडेच बघत बाई म्हणाल्या, “म्हणजे पडणार नाही.”

एवढेच. ना ओरडा, ना उपदेश. चहा झाला, फोटो मिळाला, बेदाण्यांची पिशवी मिळाली. पण मी एसटीत बसलो आणि इस्लामपूर येईपर्यंत मला ते तीन शब्द सोडेनात. बाईंना मी गेली वीसएक वर्षे काय दिले, तर न पडणारा तक्ता. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि पोरांना सांगितले, गाणे रद्द. सातही पोरे नाराज झाली. त्यांना नवे कपडे मिळणार होते. मी म्हणालो, “कपडे मिळतील. बसा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा.”

समितीचे अध्यक्ष, माझे जुने स्नेही, यांना फोन केला तेव्हा त्यांचा पारा चढला. “आवं गुर्जी, पावनं येणार हायत. पोरं स्टेजवर अडाकली तर काय शोभा ऱ्हाईल? बाईंचा सत्कार हाय का परीक्षा?” मी म्हणालो, “परीक्षाच आहे, माझी.” त्यांना ते पटले नाही. तरी त्यांनी मला दहा मिनिटे दिली, ही त्यांची थोरवी.

तेव्हा हा ग्रंथ समारंभात आपल्या हाती पडेल त्या दिवशी व्यासपीठावर गाणे होणार नाही. सात मुले एकेक करून येतील. आपापल्या रस्त्याखाली लिहिलेली आपापली ओळ वाचतील. चित्र मी हाताने झाकेन. आज, हा लेख लिहून पूर्ण करताना, सातांपैकी दोघांना ते जमते आहे. पाच राहिली आहेत आणि समारंभाला थोडेच दिवस उरले आहेत. काही जण अडतील, काही जण नुसतेच उभे राहतील. माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे, त्यांना शब्द सांगू नका. आणि टाळ्या वाजवू नका. जे अडले असेल त्याच्यासाठी थांबा. बाई पहिल्या रांगेत बसलेल्या असतील. त्या कशा थांबतात ते बघा, आणि तसे थांबा.

अशा लेखाच्या शेवटी शतायुषी भव म्हणण्याची रीत आहे. मी वयाने लहान, मला आशीर्वाद देता येत नाही, मागता येते. बाई, गुडघ्यांना तेल लावत जा. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन पुढे ढकलू नका, सुभेदारसाहेबांचे एवढे एक ऐका. नवी साडी घेतली नाहीत तरी चालेल. पण प्रकृती सांभाळून पुष्कळ वर्षे आमच्यात राहा, कारण समितीने मलाही एक कागद भरायला दिला आहे, आणि त्यात ‘कार्यक्रमाची फलनिष्पत्ती’ असा रकाना आहे. तो मी भरून पाठवला आहे.

वेळ लागेल.